थायरॉइडचा दुर्मिळ कॅन्सर आणि सोबत दुसरी गाठ: मुंबईत नव्याने फाईल उघडणाऱ्यांसाठी

गळ्याच्या गाठीची सुई तपासणी झाली, थायरॉइडचा कॅन्सर आहे असं कळलं, आणि ते पचायच्या आत स्कॅनमध्ये पोटात नाहीतर छातीत अजून काहीतरी दिसलं. असा रिपोर्ट घेऊन बसला असाल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. माझ्या वहिनीला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर आणि सोबत ॲड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे बीपी भडकवणारी गाठ, थोडक्यात फिओ, निघाला (किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी ग्रंथी असते ती ॲड्रिनल). दादाला नोकरीतून सुट्टी मिळेना, मुलं शाळेत, म्हणून डोंबिवली ते परळ फाईल घेऊन पळायचं काम माझ्याकडे आलं. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण कुठला प्रश्न कधी विचारायचा, कुठला कागद कुठे लागतो, कुठे थांबायचं, हे कोणी एका जागी सांगत नाही, ते सांगतो.

एक गोष्ट आधीच. थायरॉइडचा कॅन्सर म्हटलं की शेजारपाजारचे, ऑफिसातले, व्हॉट्सॲपवरचे सगळे म्हणतात की अरे हा तर सगळ्यात बरा कॅन्सर, काढून टाका, आयोडीन द्या, झालं काम. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही आहे, कारण दहातले आठ पेशंट पॅपिलरी प्रकारचे असतात आणि तो हळू चालतो. पण प्रकार दुर्मिळ असेल आणि सोबत दुसरी गाठ असेल तर गळ्याचं ऑपरेशन घाईने उरकणं जिवावर बेतू शकतं. इथे आधी काय आणि नंतर काय हे ठरवणं हाच अर्धा उपचार आहे.

पायरी १: रिपोर्टमध्ये प्रकार शोधा

एफएनएसी (सुई तपासणी) किंवा बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये खाली "इम्प्रेशन" असतं तिथे बघा. पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर असेल तर हे नेहमीचे. मेड्युलरी असेल तर तो थायरॉइडच्या सी पेशींपासून होतो, शंभरात साधारण तीन-पाच जणांना, आणि तो रक्तात कॅल्सिटोनिन आणि सीईए ही रसायनं सोडतो, त्यांच्या आकड्यावरून आजार मोजतात. ॲनाप्लास्टिक शंभरात एखाद-दुसरा, पण सगळ्यात आक्रमक.

नुसतं "सस्पिशियस" किंवा "बेथेस्डा ५" (म्हणजे कॅन्सरची दाट शंका) असं लिहिलेलं असेल तर प्रकार अजून पक्का झालेला नाही. अशा वेळी कॅल्सिटोनिनची रक्त तपासणी करायची का हे विचाराच. सुईच्या नमुन्यात मेड्युलरी कधीकधी ओळखू येत नाही, रक्तात मात्र आकडा बोलतो. हा नमुना लवकर थंड करावा लागतो, त्यामुळे घरी येऊन रक्त घेणाऱ्या मुलाकडे बर्फाचा डबा आहे का, की तो अजून चार घरं फिरून मग लॅबला जाणार आहे, हे विचारा. शक्यतो लॅबमध्ये जाऊनच द्या. ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनी हा आकडा थोडा वर दिसू शकतो, म्हणून चालू गोळ्यांची यादी आधीच दाखवा.

ॲनाप्लास्टिक लिहिलेलं असेल किंवा तशी शंका असेल तर बाकीचा लेख नंतर वाचा. गाठ आठवड्यागणिक मोठी दिसतेय, आवाज बसलाय, गिळताना अडकतंय, झोपल्यावर श्वास घरघरतोय, यातलं काही असेल तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता कॅज्युअल्टीत न्या. या प्रकाराला निदान होतानाच चौथी स्टेज धरतात, गाठ गळ्यापुरती असली तरी, त्यामुळे "चौथी स्टेज" ऐकून कुठेकुठे पसरलंय अशी समजूत करून घेऊ नका, ते वेगळं विचारा. पहिल्याच भेटीत दोन गोष्टी काढा: श्वासाचा रस्ता बंद झाला तर काय करायचं, आणि बीरॅफ जीनची टेस्ट पाठवली का. त्या जीनमध्ये व्ही६००ई हा बदल सापडला तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही गोळ्यांची जोडी वापरता येते, अमेरिकेत तिला २०१८ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. हा रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि इथे वेळच नसतो, म्हणून पहिल्या दिवशीच पाठवायला सांगायचं.

पायरी २: दोन गाठींचं एकमेकींशी नातं काय ते विचारा

दोन गाठी दिसल्या की घरातले लगेच "पसरलाय" म्हणून रडायला लागतात. जरा थांबा, शक्यता चार आहेत.

पहिली, थायरॉइडचाच कॅन्सर दुसरीकडे गेलाय. दुसरी, उलट, दुसरा कॅन्सर थायरॉइडमध्ये आलाय, हे किडनीच्या कॅन्सरमध्ये जास्त दिसतं आणि किडनी काढून बरीच वर्षं झाल्यावरही होऊ शकतं. त्यामुळे "ते जुनं झालं, आता त्याचं काय" असं म्हणून जुनी ऑपरेशनं लपवू नका. तिसरी, दोन वेगळे आजार योगायोगाने एकाच माणसाला. स्तनाच्या किंवा फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी पेट स्कॅन केला आणि थायरॉइडमध्ये एक ठिपका चमकला, हे शंभरात एक-दोन स्कॅनमध्ये होतं, आणि अशा ठिपक्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा कॅन्सर निघतो, तोही बहुतेक पॅपिलरीच. चौथी म्हणजे दोन्ही गाठींच्या मागे एकच जन्मजात जीन. आमची हीच निघाली.

पहिल्या तिघींचा निकाल पॅथॉलॉजिस्ट लावतो. इम्युनो नावाची तपासणी असते, तिच्यात थायरोग्लोब्युलिन, कॅल्सिटोनिन, पॅक्स-८, टीटीएफ-१ असे मार्कर लावून पेशी कुठल्या अवयवातून आल्या ते बघतात. टीटीएफ-१ फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्येही पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे एकाच मार्करवर कोणी ठामपणे बोलत असेल तर दुसरं मत घ्यायला लाजू नका.

मोठा धोका: थायरॉइडचा कॅन्सर माहीत आहे आणि ॲड्रिनलमध्ये गाठ दिसली की कोणीतरी पटकन म्हणतं, पसरलेलं दिसतंय, सुई घालून बघू. ती गाठ फिओ असेल तर सुई लागल्यावर बीपी आकाशाला भिडू शकतं. ॲड्रिनलच्या गाठीला सुई लावायच्या आधी मेटानेफ्रिनची टेस्ट (फिओ आहे का ते सांगणारी रक्ताची किंवा लघवीची तपासणी) झालीच पाहिजे. इथे भिडस्तपणा करू नका, "डॉक्टर, मेटानेफ्रिन झाली का?" एवढं तोंडावर विचारा.

पायरी ३: मेटानेफ्रिनची टेस्ट नीट द्या

फिओची गाठ ॲड्रिनलिनसारखी रसायनं रक्तात सोडते. त्यामुळे मधूनच डोकं ठणकणं, दरदरून घाम, छातीत धडधड, बीपी एकदम वर आणि मग परत नॉर्मल. वहिनीला हे होत होतं आणि सगळे तिला "टेन्शन घेतेस तू" म्हणत होते, एका फॅमिली डॉक्टरने तर मेनोपॉज म्हणून सोडून दिलं. काहींना मात्र काहीच होत नाही, म्हणून लक्षणं नाहीत तर टेस्ट कशाला, असं म्हणू नका. मेड्युलरी निघाला असेल तर गळ्याच्या ऑपरेशनआधी ही टेस्ट लागतेच.

टेस्ट दोन प्रकारे होते. एक रक्ताची. यात पेशंटला वीस ते तीस मिनिटं आडवं झोपवून मग रक्त घ्यायचं असतं. लोकलच्या गर्दीतून उतरून, जिना चढून, खुर्चीत बसल्याबसल्या रक्त दिलं तर आकडा उगाच वर येतो आणि मग सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. बुकिंग करतानाच विचारा की झोपवून घेता का, नाही म्हणाले तर दुसरी लॅब बघा.

दुसरी चोवीस तासांच्या लघवीची. लॅब एक कॅन देते, त्यात बऱ्याचदा ॲसिड असतं, म्हणून कॅनमध्ये थेट लघवी करायची नाही, वेगळ्या भांड्यात घेऊन सांभाळून ओतायची. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची धरून. एकदा जरी चुकली तर आकडा खोटा. रविवारी करा, घरी असता, बाहेर कुठे जावं लागत नाही. आणि कॅन थंड जागी ठेवा पण लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा.

सर्दीच्या गोळ्या, नाक मोकळं करायची औषधं, डिप्रेशनच्या किंवा झोपेच्या काही गोळ्या, काही पद्धतींत तर साधी पॅरासिटामॉलसुद्धा या टेस्टमध्ये गडबड करते. मनाने काही बंद करू नका, यादी दाखवून कुठली किती दिवस थांबवायची ते विचारा. आणि फिओची शंका असेपर्यंत उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन किंवा कशासाठीही स्टेरॉइड देताना डॉक्टरांना ही शंका आधी सांगायची, कारण या दोन्हींनी बीपी एकदम भडकून झटका येऊ शकतो. नाक्यावरच्या दवाखान्यात हे कोणाला माहीत नसतं, तुम्हालाच बोलावं लागतं. आम्ही एका कार्डावर लिहून वहिनीच्या पर्समध्ये ठेवलं होतं.

मेटानेफ्रिनसोबत रक्तातलं कॅल्शियमही करून घ्या. दोन्ही गाठींमागे जन्मजात जीन असेल तर त्याच्यामुळे पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणाऱ्या) ग्रंथीही बिघडू शकतात आणि त्या असतात थायरॉइडला चिकटूनच, मग एकाच ऑपरेशनमध्ये बघता येतं.

पायरी ४: फाईल

एक ना धड भाराभर चिंध्या असं व्हायला नको. एक जाड फाईल, तारखेप्रमाणे, सगळ्यात वर एक पानी गोषवारा: कधी काय झालं, कुठल्या गोळ्या चालू, कशाची ॲलर्जी. आत हे हवं:

- सगळे रिपोर्ट, मूळ आणि दोन झेरॉक्स
- बायोप्सीच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा)
- सीटी, एमआरआय, पेटच्या सीडी (नुसत्या फिल्म किंवा रिपोर्ट चालत नाहीत, आतली चित्रं लागतात)
- आधीच्या सगळ्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड, जुने असले तरी
- बीपीची डायरी, वेळेसकट
- आधार, रेशन कार्ड, पासपोर्ट साइझ फोटो
- घरातल्या आजारांचा वंशवृक्ष, हाताने काढलेला चालतो

स्लाइड आणि ब्लॉकबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच सगळ्यांचे दिवस वाया जातात. मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेलात की तिथला पॅथॉलॉजिस्ट जुना नमुना स्वतः परत बघतो, रिपोर्टवर विश्वास ठेवून ऑपरेशन कोणी करत नाही. नमुना पहिल्या लॅबकडे असतो. तिथे अर्ज द्यायचा, सही करून घ्यायचा. काउंटरवर "नंतर या" म्हणतात, तेव्हा निघून जाऊ नका, कधी, कोणाकडे, हे कागदावर घ्या. फक्त स्लाइड मिळाल्या तर ब्लॉकही मागा, पुढच्या इम्युनो आणि जीन टेस्टला तोच लागतो. ब्लॉक मेणाचा असतो, मे महिन्यात बंद गाडीत ठेवून जाऊ नका. स्लाइड प्लास्टिकच्या डबीत, कापसात. आणि ज्याला ज्याला काही दिलं त्याची पोच घ्या.

पायरी ५: कुठे आणि कोणाला दाखवायचं

असा गुंतागुंतीचा आजार असेल तर जिथे एकाच छताखाली हेड अँड नेक सर्जन, एंडोक्राइनचा (हार्मोनच्या ग्रंथींचा) डॉक्टर, न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सर्गी औषधांचा विभाग) आणि जेनेटिक्स आहे तिथे जा. परळला टाटा मेमोरियल आहेच. शेजारी केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा विभाग आहे, फिओची तयारी वगैरे त्यांच्या रोजच्या कामातली. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटरही परळलाच, टाटाच्या ॲनेक्स इमारतीत, १९६३ पासून, थायरॉइडच्या आयोडीन उपचारांसाठी जुनं आणि भरवशाचं. नवी मुंबईवाल्यांना खारघरचं ॲक्ट्रेक, टाटाचंच केंद्र.

टाटाला जायचं तर सेंट्रलने परळ, वेस्टर्नने प्रभादेवी स्टेशन. पेशंटला चालवत नसेल तर दादरला उतरून टॅक्सी बरी, परळचे जिने आणि गर्दी बघता. नवीन रजिस्ट्रेशनची सुरुवात ऑनलाइन करता येते, ती करूनच जा. जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन कॅटेगरी विचारतात. उपचार करणारी टीम तीच, फरक मुख्यतः पैशाचा, रांगेचा आणि खोलीचा. हा आजार एका ऑपरेशनमध्ये संपत नाही, वर्षानुवर्षं फॉलोअप असतो, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या घाबरगुंडीत प्रायव्हेट टिक करण्याआधी पुढच्या पाच वर्षांचा खिसा बघा. माझं मत विचाराल तर जनरलच, वेळ जातो पण टिकून राहता येतं.

गावाहून येणाऱ्यांनी राहण्यासाठी आधी हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटा. दादर पूर्वेची संत गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सर पेशंटसाठी वर्षानुवर्षं आधार आहे, अशा ठिकाणी हॉस्पिटलचं पत्र लागतं. गेटबाहेर "रूम पाहिजे का, नंबर लवकर लावून देतो" म्हणणाऱ्यांना हात जोडा आणि पुढे चला.

खरी अडचण अशी की थायरॉइड एका ओपीडीत, ॲड्रिनल दुसऱ्या ओपीडीत, वार वेगळे, इमारत वेगळी, आणि प्रत्येक जण आपल्या गाठीपुरतं बघतो. दोष कोणाचा नाही, गर्दीच तेवढी आहे. म्हणून पहिल्याच भेटीत शांतपणे म्हणा, "डॉक्टर, दुसरी गाठपण आहे, ही केस जॉइंट क्लिनिकला किंवा ट्यूमर बोर्डला ठेवता येईल का?" (तिथे सगळ्या विभागांचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात.) आणि तिथला निर्णय केसपेपरवर लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक काउंटरवर आणि प्रत्येक रेसिडेंट डॉक्टरसमोर तेच पान उघडायचं.

पायरी ६: क्रम ठरवणं

फिओ आणि मेड्युलरी दोन्ही असतील तर आधी ॲड्रिनल, मग थायरॉइड. फिओ आत असताना भूल दिली तर बीपी इतकं चढू शकतं की टेबलवरच अनर्थ होतो. आणि ॲड्रिनलचं ऑपरेशनही लगेच नाही. आधी एक-दोन आठवडे अल्फा ब्लॉकर गोळ्या देतात, प्राझोसिन किंवा तसलं काही, सोबत मीठ आणि पाणी मुद्दाम जास्त. होय, बीपीच्या पेशंटला जास्त मीठ, सासूबाईंना पटवता पटवता नाकी नऊ येतात. धडधड फार असेल तर बीटा ब्लॉकर, पण तो अल्फा नीट बसल्यावरच, आधी कधीच नाही. म्हणून घरातली कोणाची जुनी बीपीची गोळी "तात्पुरती" देऊ नका, त्यात नेमका बीटा ब्लॉकर असू शकतो.

या दिवसांत नाक चोंदतं, उठल्यावर चक्कर येते. अंथरुणातून उठताना आधी बसायचं, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं. बीपी बसून आणि उभं राहून दोन्ही मोजून डायरीत लिहायचं, भूलतज्ज्ञ ती डायरी खरंच बघतात. आणि "ऑपरेशनची तारीख लांबली" म्हणून नातेवाईक फोन करकरून हैराण करतील, त्यांना सांगा की ही तयारी चाललीये, आळस नाही.

दोन्ही बाजूंच्या ॲड्रिनल पूर्ण काढाव्या लागल्या तर आयुष्यभर स्टेरॉइडच्या गोळ्या, एकही दिवस न चुकवता, म्हणून थोडी ग्रंथी वाचवता येईल का हे सर्जनला आधी विचारून ठेवा.

गळ्याच्या ऑपरेशनआधी कॅल्सिटोनिनचा आकडा बघतात, ५०० पिकोग्रॅमच्या वर असेल तर लिव्हर, छाती, हाडं यांचे स्कॅन करून बाहेर कुठे गेलंय का ते तपासतात. मेड्युलरीमध्ये बहुधा पूर्ण थायरॉइड आणि गळ्याच्या मधल्या भागातल्या लिम्फ गाठी काढतात.

दुसरा कॅन्सर वेगळाच असेल, समजा फुफ्फुसाचा किंवा स्तनाचा, आणि थायरॉइडचा छोटा पॅपिलरी असेल, तर बऱ्याचदा थायरॉइड थांबू शकतो आणि जास्त आक्रमक आहे त्याचा उपचार आधी होतो. "दोन्ही एकदम काढून टाका ना" हा आग्रह घरच्यांनी धरू नये.

आयोडीनबद्दल (म्हणजे थायरॉइडच्या उरलेल्या पेशी मारायला देतात ते किरणोत्सर्गी आयोडीन): मेड्युलरी आयोडीन शोषतच नाही, त्यामुळे "आम्हाला आयोडीन का दिलं नाही" म्हणून भांडू नका, ते बरोबरच आहे. पॅपिलरी-फॉलिक्युलरवाल्यांनी मात्र लक्षात ठेवा की कॉन्ट्रास्टवाला सीटी केला तर त्यातल्या आयोडीनमुळे रेडिओआयोडीनचा उपचार साधारण सहा ते आठ आठवडे पुढे जातो. दुसऱ्या गाठीसाठी कोणी सीटी लिहिला तर न्यूक्लिअर मेडिसिनला कळवा, सीटी टाळायचा असं नाही, तारखा जुळवायच्या.

पायरी ७: जीन टेस्ट, आणि घरच्यांना सांगणं

मेड्युलरी कॅन्सरच्या चौघांपैकी साधारण एकाला तो जन्मजात रेट जीनमधल्या बदलामुळे होतो. घरात कोणाला नसलं तरी प्रत्येक मेड्युलरी पेशंटची ही टेस्ट करतात. पॉझिटिव्ह आली तर त्या आजाराला मेन-२ म्हणतात. जुन्या कागदांत सिपल सिंड्रोम दिसला तर तोही हाच, थायरॉइड आणि फिओची ही जोडी १९६१ मध्ये सिपल यांनी मांडली, जीनचा पत्ता मात्र १९९३ मध्ये लागला. रक्ताची टेस्ट आहे, एकदाच करायची. इथे एक गफलत होते: गाठीवर केलेली जीन टेस्ट वेगळी आणि रक्तावरची वेगळी. गाठीवरची औषध निवडायला, रक्तावरची वारसा कळायला. दोन्ही लागू शकतात, बिल देताना कुठली ते बघा.

रिपोर्टमध्ये बदलाचा नंबर असतो आणि त्याला फार महत्त्व आहे. ६३४ वाला असेल तर मुलाचं थायरॉइड पाच वर्षांच्या आत काढायचा सल्ला देतात, ९१८ वाला सगळ्यात तीव्र, त्यात तर पहिल्याच वर्षात. ऐकायला भयंकर वाटतं, पण कॅन्सर व्हायच्या आधीच ग्रंथी काढली तर त्या मुलाला थायरॉइडसाठी फक्त एक रोजची गोळी राहते. आईवडिलांपैकी एकाकडे हा बदल असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. आमच्याकडे दोन मुलांपैकी धाकटीला आहे, मोठ्याला नाही.

हे सगळं विज्ञान सोपं, पुढचं अवघड. टेस्ट भावाबहिणींनीही करायची असते. वहिनीचं माहेर चिपळूणकडचं, तीन भावंडं, एका भावाची मुलगी लग्नाची. फोनवर सांगितल्यावर पलीकडून पहिलं वाक्य आलं, "आता हे कुठे बोलू नका, स्थळं चालू आहेत." राग आला, पण त्यांचंही भय खोटं नाही. आम्ही काय केलं ते सांगतो, कदाचित उपयोगी पडेल. फोनवर वाद घातला नाही. जेनेटिक काउन्सेलरकडून नातेवाईकांसाठी पत्र घेतलं, त्यात आजाराचं नाव, बदलाचा नंबर, कोणी टेस्ट करावी, एवढंच. मग वहिनीच स्वतः माहेरी जाऊन बसली आणि कॅन्सर हा शब्द बाजूला ठेवून म्हणाली की मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला वेळेत कळेल, रिपोर्ट तुमच्याजवळच ठेवा, मला सांगू पण नका. त्यावर दोघं तयार झाले. एक अजून नाही झालेला, त्याच्या मागे लागणं सोडलेलं नाही.

घरातल्या एकाच्या बदलाचा नंबर माहीत असला की बाकीच्यांना फक्त त्याच बदलाची टेस्ट पुरते, पूर्ण पॅनेल (एकदम अनेक जीनची टेस्ट) करायची गरज नसते, खर्च बराच कमी होतो. लॅबने पॅनेल विकायचा प्रयत्न केला तर हे सांगा.

रेट सोडून आणखी जोड्या आहेत. थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये क्रिब्रिफॉर्म मोरुलर असं लिहिलं असेल तर मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी करायची का ते विचारा, तो प्रकार आतड्यात शेकडो पॉलिप होणाऱ्या जन्मजात आजारासोबत येऊ शकतो. आणि घरात स्तनाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि थायरॉइडचा असे कॅन्सर एकत्र असतील तर कौडेन सिंड्रोम या जन्मजात आजाराची चौकशी करा.

पायरी ८: पैसे

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतसोबत जोडलेली आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा डेस्क असतो, ॲडमिट व्हायच्या आधी तिथे जा, कारण मंजुरी आधी लागते, ऑपरेशन होऊन गेल्यावर बिल घेऊन गेलात तर हात हलवत परत यावं लागतं. रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल (माहेरचं-सासरचं आडनाव, हा घोळ बायकांच्या बाबतीत हमखास) तर तो आजच दुरुस्त करायला टाका. दोन ऑपरेशनं असतील तर दोन वेगळ्या मंजुऱ्या. जीन टेस्ट आणि पेट स्कॅन योजनेत बसतात का ते करण्याआधी विचारा.

त्याशिवाय मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक ट्रस्ट वगैरेंकडे अर्ज करता येतो, त्यासाठी हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक मूळ प्रत लागते, ते मागताना दोन-तीन प्रती सही-शिक्क्यासकट मागा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी येताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण तिकीट माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे, हॉस्पिटलचा फॉर्म भरून घ्यायचा.

महागड्या गोळ्यांबद्दल, व्हॅन्डेटॅनिब, कॅबोझॅन्टिनिब, रेटवर नेमकं काम करणारं सेल्परकॅटिनिब, ही पसरलेल्या मेड्युलरीसाठी असतात आणि प्रत्येकाला लगेच लागत नाहीत. कॅल्सिटोनिनचा आकडा स्थिर असेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. गुगलवर नाव वाचून दागिने मोडायला निघू नका.

पायरी ९: ऑपरेशननंतर घरी

ओठाभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, हात वाकडे व्हायला लागले तर कॅल्शियम उतरलंय, लगेच फोन करा नाहीतर कॅज्युअल्टी. थायरॉक्सिनची (काढलेल्या थायरॉइडच्या हार्मोनची) गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत, चहाच्या आधी, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉक्सिन शोषलंच जात नाही आणि मग डोस वाढवत बसतात. मेड्युलरीमध्ये टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) दाबून ठेवायची गरज नसते, नॉर्मल पुरतं, हे नवीन डॉक्टरला माहीत करून द्या. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधी सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकतात.

कॅल्सिटोनिन आणि सीईए ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी पहिल्यांदा बघतात, मग ठरलेल्या अंतराने. दर वेळी त्याच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की आकड्यांची तुलना होत नाही. एकेका आकड्यापेक्षा तो दुप्पट व्हायला किती काळ लागतो हे महत्त्वाचं, सहा महिन्यांच्या आत दुप्पट होत असेल तर ते काळजीचं. एका कागदावर तारीख आणि आकडा एवढंच लिहीत जा, डॉक्टर आधी तोच मागतात.

आणि फिओ काढला म्हणून मेटानेफ्रिन बंद करू नका. मेन-२ मध्ये दुसऱ्या बाजूला नंतर येऊ शकतो, म्हणून वर्षातून एकदा ती टेस्ट चालूच राहते. आम्ही ती गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ठेवलीये, म्हणजे गावाला जायच्या आत उरकते आणि वर्ष कुठलं चाललंय ते विसरायला होत नाही.